चौसष्ट मासे

चिमट्यानं धरून तिनं मासा उलटा केला, उजवी कूस वर आणली आणि तिचा हात तसाच राहिला. पोट शाबूत होतं. तपासलेल्या माशाची डावी बाजू दाखवण्यासाठी जशीच्या तशी ठेवतात आणि कापायचं ते उजवीकडून, शेपटीकडून गळ्याकडे, एका रेषेत. ही रीत ज्या सरांनी तिला शिकवली त्यांच्याच बरणीतला हा मासा होता. चौतीस वर्षं स्पिरिटमध्ये राहून तो मेणासारखा पिवळट झाला होता, डोळे उकडल्यासारखे पांढरे. कल्ल्याला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहिलेला क्रमांक अजून स्पष्ट वाचता येत होता. शेजारी उघडून ठेवलेल्या नोंदवहीत त्याच क्रमांकापुढे लिहिलं होतं: कृमी सतरा. न कापलेल्या पोटातले सतरा कृमी मोजले कुणी, हा प्रश्न तिच्या मनात लगेच आला नाही. आधी आली ती चीड, बरण्यांची अदलाबदल करणाऱ्या कुठल्या तरी गबाळ्या माणसाबद्दलची. तिनं दुसरा मासा काढला. मग तिसरा. मग दुसऱ्या बरणीचं झाकण उघडलं. जेवणाची सुट्टी झाल्याचं तिला जिन्यावरच्या पावलांवरून कळलं तेव्हा समोरच्या ट्रेमध्ये एकोणीस मासे ओळीनं पडले होते, एकोणीसच्या एकोणीस न कापलेले, आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे एकोणीस आकडे होते, निळ्या शाईत, जरासे उजवीकडे कललेल्या अक्षरात. ते अक्षर तिचं होतं.

संस्थेच्या या तळघरात शंभर वर्षांचे मासे होते. कुणी, कुठल्या पाण्यात, कुठल्या महिन्यात पकडले ते चिठ्ठीवर लिहून बरणीत घातलेले आणि विसरलेले. समुद्रातले रोग आणि परजीवी काळाबरोबर कसे बदलत गेले हे सांगायला त्या काळचं दुसरं कुणी शिल्लक नव्हतं. पाणी तर कधीचंच वाहून गेलं होतं. राहिले होते हे मासे, आणि त्यांच्या यकृतावर घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या करून बसलेले कृमी, माशाबरोबरच मेलेले आणि माशाबरोबरच टिकलेले. गेली तीन वर्षं ती एकेका दशकातले मासे उघडून ते मोजत होती. वय सत्तावन्न. निवृत्तीच्या आधीचं शेवटचं मोठं काम. सरांच्या वर्षाचं तर मोजायचंही नव्हतं, ते मोजून झालेलं होतं, छापून आलेलं होतं, त्याच्यावर तिची डॉक्टरेट उभी होती. आज फक्त प्रत्येक माशाच्या यकृताचा चिमूटभर तुकडा घ्यायचा आणि मासा परत बरणीत सोडायचा, एवढंच होतं. तिनं जेवणाचा डबा उघडला नाही. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि तिला सरांचा आवाज ऐकू आला. चौदा. नऊ. तेवीस. नीट लिही, तेवीस. सर खिडकीशी मायक्रोस्कोपवर वाकलेले असायचे आणि ती दाराजवळच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ. टेबल तसंच ठेवलेलं होतं, दुसरीकडे जागा नव्हती. तेवीस वर्षांची मुलगी, केसांना स्पिरिटचा वास, आणि पाठीमागून ठरावीक वेळानं येणारा तो शांत, सपाट आवाज. दोन आकड्यांच्या मध्ये इतकी शांतता असायची की तिला स्वतःच्या पेनची करकर ऐकू यायची. आपण काहीतरी खरं करतोय, जगाच्या एका कोपऱ्यातलं का होईना पण पक्कं, असं तिला त्या दुपारी वाटायचं. पुढे नोकरी झाली, लग्न झालं, मान मिळाला, पण आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं असतं तर तिच्या तोंडी त्या दुपारांचंच नाव आलं असतं. आणि आता त्या दुपारांमध्ये सर रिकाम्या काचेवर वाकून बसले होते.

नमुनाघर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे झाकण म्हणत. एक तर आयुष्यभर बरण्यांची झाकणं लावण्याचं काम, आणि दुसरं म्हणजे तोंड कधी उघडायचं नाही. तो सरांच्या वेळेपासून होता. तिनं त्याला बोलावून ट्रे दाखवला. त्यानं माशांकडे पाहिलं, मग बरण्यांच्या कडांवर तिनं त्या सकाळी फोडलेल्या मेणाकडे पाहिलं, आणि त्याला नवल वाटल्याचं दिसलं नाही. त्यानं सांगितलं ते एवढंच, की तपासून आलेल्या बरणीला पुन्हा मेण लावायचं काम त्याचं असे, आणि त्या वर्षी ऑक्टोबरनंतर ते काम त्याला पडलंच नाही. बरण्या वर जायच्या आणि तशाच खाली यायच्या.

"तेव्हाच का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही, मॅडम," तो म्हणाला. मग जाता जाता दारात थांबून म्हणाला, "तुम्हीपण नाही विचारलं."

नोव्हेंबर ते मार्च. एकूण चौसष्ट मासे. पुढचे पाच आठवडे तिनं दुसरं काही केलं नाही. कुणाला सांगितलं नाही, दार लावून घेतलं आणि एकेक मासा उजवीकडून कापला. कात्रीखाली कातडी ताठर कापडासारखी फाटत होती. आत सगळं होतं. चौतीस वर्षं कुणी हात न लावलेलं, गच्च, भरलेलं. यकृताच्या कडेनं गुंडाळ्यांमागून गुंडाळ्या, आतड्याच्या पडद्यावर बारीक पांढरे दाणे. तिनं मोजलं. सतरा लिहिलेल्या माशात सव्वीस निघाले. नऊ लिहिलेल्यात एकवीस. सरांच्या आकड्यांनी त्या हिवाळ्यात एक सुंदर उतरती रेषा काढली होती, बावीसपासून नऊपर्यंत, आणि त्या रेषेवर सरांचा सगळा सिद्धान्त होता: हा कृमी आधी कोळंबीसारख्या एका बारीक जिवात राहतो, मग माशात, मग मासा खाणाऱ्या पक्ष्यात. पक्षी गेले की साखळी तुटणार, आणि माशाचं पोट साफ होत जाणार. पक्षी त्या वर्षी जायला लागले होते हे खरं. पण कृमी कमी झालेच नव्हते. ते कमी झाले नंतर, केव्हातरी, सरांनी म्हटलं होतं तसेच, आणि हे तिला सगळ्यात विचित्र वाटत होतं, की सर शेवटी बरोबरच ठरले होते, फक्त त्यांनी ते घडायच्या आधीच घडलेलं म्हणून लिहून ठेवलं होतं. केव्हा घडलं हे मात्र आता कुणालाच कळणार नव्हतं. कारण ती रेषा बघून संस्थेच्या समितीनं ठरवलं की खाडीतला रोग आपोआप ओसरतोय, दरमहा मासे पकडून ठेवायचं कारण नाही, आणि ते काम बंद केलं. अकरा वर्षं. तळघरातल्या मांडणीवर त्या अकरा वर्षांची जागा तिनं शेकडो वेळा ओलांडली होती. तिथं रिकाम्या बरण्या, जुने पंखे आणि एक मोडकं स्टूल ठेवलेलं असे. समुद्रात जे काही झालं ते त्या अकरा वर्षांत झालं, आणि त्या अकरा वर्षांचा एकही मासा कुणाकडे नव्हता. पुढच्या बरण्यांमधले मासे स्वच्छ होते. इतके स्वच्छ की पोट उघडल्यावर तिला दर वेळी, कुणी राहत नसलेल्या घराचं दार उघडल्यासारखं व्हायचं.

नवऱ्याला तिनं सांगितलं ते एका रविवारी, कपडे घड्या करताना. तो विमा कंपनीतून निवृत्त झालेला, शांत स्वभावाचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, चौतीस वर्षांपूर्वीचे मासे, अगं, शिळ्याहून शिळे, त्यांचं आता काय एवढं. तिला हसू आलं, आणि हसता हसता हातातली उशीची खोळ तिनं तशीच तोंडाला लावून धरली. मग तो गंभीर झाला. सरांना एकदा भेटून ये, म्हणाला.

सर मुलीकडे राहत होते, चौथ्या मजल्यावर. एक्याऐंशी पूर्ण झालेली. बाल्कनीच्या दाराशी खुर्ची, पायांवर चादर, डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मुलगी पन्नाशीची होती पण सर तिला अजून छोटी म्हणत. चहा झाला. सरांनी तिच्या कामाची चौकशी केली, कुठल्या दशकापर्यंत आलीस ते विचारलं. तिनं येताना बसमध्ये दहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"सर," ती म्हणाली, "नोव्हेंबरनंतरचे मासे कापलेलेच नाहीत."

सरांचा अंगठा चादरीच्या काठावरून पुढे मागे फिरत राहिला. मग त्यांनी विचारलं, "किती निघाले?"

"सरासरी बावीस."

"मार्चलासुद्धा?"

"मार्चलासुद्धा."

"म्हणजे कमी झालेच नव्हते," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात क्षणभर जुनी हुशारी आली, जणू दुसऱ्याच कुणाचा आकडा तपासत होते. मग ती हुशारी विरली. त्यांनी हळूहळू सांगितलं. त्या ऑक्टोबरात उजव्या डोळ्यापुढे पडदा येऊ लागला होता. डावा आधीच कमजोर. कुणाला कळलं असतं तर प्रयोगशाळा गेली असती, त्यांच्या जागेवर टपून बसलेले दोघे होते. आठ दिवस थांबू, मग नीट मोजू, असं करत नोव्हेंबर गेला. पक्ष्यांची संख्या हाताशी होती, त्यावरून किती असायला हवेत याचा हिशोब डोक्यात होता. त्यांनी तो सांगत जायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं तोवर प्रबंध टाइप होऊन आला होता.

"तुझ्या शिष्यवृत्तीची मुदत मार्चअखेर संपत होती," सर म्हणाले. "पुढे पैसे मिळणार नव्हते तुला. घरी परत जावं लागलं असतं." मग म्हणाले, "आणि मला वाटत होतं, तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार, सर? माझी पाठ होती."

"ताटल्या तू धुवायचीस," सर म्हणाले.

त्यात आरोप नव्हता. चष्मा कुठे ठेवलाय ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. लिहायचं ते लिही, पण मी गेल्यावर. फार थांबावं लागणार नाही. ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती, समोर ती चादर होती, ते निकामी डोळे होते, आणि बरोबर तिच्या दिशेनं वळवायचा प्रयत्न करूनही जरासा बाजूला वळलेला तो चेहरा. लिफ्टपाशी मुलगी आली. आत तिनं सगळं ऐकलं होतं. ताई, एवढं करा आमच्यासाठी, असं म्हणून तिनं तिचा हात धरला, आणि तो हात ओला होता, भांडी घासताना तशीच उठून आली होती.

बसस्टॉपवर तिनं दोन बस सोडून दिल्या. ताटल्या. काचेच्या, तळहाताएवढ्या, माशातून काढलेलं यकृत ठेवायच्या. त्या ती खरंच धुवायची, रोज पाच वाजता, आणि कितीही आठवलं तरी त्या कशानं भरलेल्या असायच्या ते तिच्या डोळ्यांपुढे येईना. नळ आठवत होता, त्याची गळकी तोटी आठवत होती. मग दुसरंच काहीतरी आठवलं, न बोलावता आलेलं. आदल्या हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, ताटल्यांतल्या स्पिरिटनं सगळ्यांनाच पडत, रात्री पेरं ठणकायची, आईनं कसलंसं मलम पाठवलं होतं. आणि मासे न कापलेल्या त्या हिवाळ्यात ती सुट्टीला घरी गेली तेव्हा आईनं तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले होते. बरी झाली गं बोटं, लागू पडलं वाटतं मलम. मलमाची डबी तिनं उघडलीच नव्हती. तिनं आईला सांगितलं होतं, हो, लागू पडलं. हे ती का म्हणाली होती? आईला बरं वाटावं म्हणून, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. मऊ, गुलाबी, तेवीस वर्षांच्या मुलीची बोटं. त्यांना माहीत होतं. बोटांना माहीत असलेलं माणसाला माहीत असतं का, याचं उत्तर तिसरी बस आली तरी तिला सापडलं नाही.

आकड्यांचं काम बघणारी मुलगी वरच्या मजल्यावर बसायची, उत्साही, सगळ्यांना चॉकलेटं वाटणारी. तिचा अहवाल तयार होत आला होता आणि सरांच्या वर्षाची उतरण तिला फार आवडली होती, इथूनच सगळं सुरू होतं मॅडम, असं ती बोट ठेवून दाखवायची. तिनं त्या मुलीला सांगितलं की ते वर्ष वगळ. का, असं मुलीनं साहजिकच विचारलं.

"बरण्या खराब निघाल्या. स्पिरिट उडून गेलंय."

हे ती इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच ऐकू आलं. न अडखळता, सपाट आवाजात. मुलीनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. तिच्याकडे पाठ करून, कीबोर्डवर.

आणि मग वाट बघणं सुरू झालं, जरी तिनं त्याला ते नाव दिलं नव्हतं. चौसष्ट माशांचे खरे आकडे तिच्या खणात एका वहीत होते. दर पंधरा दिवसांनी ती सरांच्या मुलीला फोन करायची, पूर्वी दोन-तीन महिन्यांनी करायची त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि मुलीला वाटायचं ताईंची माया आहे. जेवतात का, झोपतात का, खोकला कसा आहे. जानेवारीत एक दिवस सकाळीच मुलीचा फोन आला. सरांना दवाखान्यात ठेवलंय, छातीत पाणी झालंय, डॉक्टर काही सांगत नाहीत. ती पलंगाच्या कडेवर बसली. धीर दिला, काही लागलं तर कळव म्हणाली, फोन ठेवला, आणि तिला जाणवलं की तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलाय, श्वास खोलवर जातोय, आणि तिला भूक लागलीय. तिला हायसं वाटत होतं. तिनं उठून पोळी गरम केली आणि उभ्या उभ्या खाल्ली. आकडे छापणाऱ्या मासिकाला लिहायच्या पत्राची पहिली ओळसुद्धा तिच्या डोक्यात तयार झाली. नऊ दिवसांनी पुन्हा फोन आला, मुलगी हसत होती, रडतही होती. घरी आणलं, ताई. डॉक्टर म्हणाले, हृदय अगदी तरुण माणसासारखं आहे. वा, छान झालं, असं ती म्हणाली. फोन ठेवून ती बसून राहिली ती नवरा भाजी घेऊन येईपर्यंत.

"कुणी गेलं का?" त्यानं तिच्याकडे बघून विचारलं.

"नाही. सरांना घरी सोडलं. बरे आहेत."

"मग तोंड असं का?"

तो पिशवी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला काही कळलं होतं असं नाही, पण प्रश्न विचारून झाला होता आणि तो आता खोलीत होता. सरांनी मला बोट धरून शिकवलं, ती मनाशी म्हणाली, कात्री कशी धरायची तिथपासून, आणि मी ते मरत नाहीत म्हणून तोंड पाडून बसलेय. अजून एक वर्ष, दोन वर्षं, पाच. दर फोनला हेच. तोपर्यंत माझं काय होऊन बसेल? सरांनी जे केलं ते पाच महिने केलं होतं. हे त्याहून वाईट होतं, आणि हे कुठल्या नोंदवहीत सापडणारही नव्हतं.

पत्र तिनं त्याच आठवड्यात लिहिलं, मासिकाला आणि संस्थेला. दोनच पानं. बरण्यांचे क्रमांक, जुने आकडे, नवे आकडे. सरांच्या डोळ्याबद्दल एक ओळ. अडलं ते स्वतःबद्दलच्या वाक्यापाशी. 'मला माहीत नव्हतं' असं लिहिलं आणि खोडलं. 'मला माहीत होतं' असं लिहिलं, तेही खोडलं, कारण तेही खरं नव्हतं, ते फक्त जास्त शूर दिसत होतं. दोन दिवस ती जागा रिकामी राहिली. शेवटी तिनं लिहिलं, या नोंदी माझ्या हातच्या आहेत, मी त्याच खोलीत होते, आणि मी वळून पाहिलं नाही. मग ती वरच्या मजल्यावर गेली आणि त्या मुलीला सांगितलं की स्पिरिट उडालेलं नाही, मी खोटं बोलले. मुलीनं चॉकलेट द्यायला पुढे केलेला हात मागे घेतला. पत्र टाकायच्या आधी तिनं सरांना फोन केला. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. सगळं ऐकून घेऊन मुलगी म्हणाली, तुम्ही शब्द दिला होता. हो, ती म्हणाली. सरांना फोन दे. मुलीनं दिला नाही.

पुढचे तीन महिने वाईट गेले. पत्र छापून आलं. तिच्या पदवीची फेरतपासणी होणार असल्याचं विद्यापीठाचं कोरडं पत्र आलं. कँटीनमध्ये ती बसली की टेबलावरची बोलणी खालच्या आवाजात व्हायची. जुन्या बॅचच्या एकानं फोन करून विचारलं की आंधळ्या म्हाताऱ्याला मारून तुला काय मिळालं. तिनं ऐकून घेतलं. झाकण निवृत्त झाला, त्याच्या निरोपाला ती गेली, आणि तो नेहमीप्रमाणे काही बोलला नाही, पण तिच्यासाठी खुर्ची ओढून दिली.

एप्रिलच्या शेवटी, दुपारी अडीचला, ती मांडणीवरच्या बरण्या पुसत असताना फोन वाजला. सरांच्या मुलीचं नाव. तीन महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या हातातलं फडकं पडलं. तिनं मांडणीचा लोखंडी खांब धरला, आणि फोन कानाला लावताना तिच्या मनात एवढंच होतं, नको, आत्ता नको, अजून नको.

पलीकडून मुलगी म्हणाली की बाबांनी निरोप द्यायला सांगितलंय. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. आकडे तीनदा. त्यात चूक नाही म्हणाले. आणि यापुढे तिनं येऊ नये, फोनही करू नये, असं त्यांनी सांगितलंय.

"बरं," ती म्हणाली. मग तिला विचारल्यावाचून राहवेना. "बरे आहेत ना?"



"बरे आहेत," मुलगी म्हणाली, आणि फोन ठेवला.

ती खांबाला धरून उभी राहिली. सर जिवंत होते. आता ते तिला कधीही भेटणार नव्हते, आणि ते गेले की तिला कुणी कळवणारही नव्हतं, कुठून तरी कानावर येईल तेव्हा येईल. पण त्या घटकेला, चार मैलांवरच्या एका बाल्कनीत ते बसलेले होते, श्वास घेत होते, आणि तिला त्याचं बरं वाटत होतं. नुसतं बरं.